पान हिरवं आहे तोवर

एका जंगलात, बाळांनो, पाणवठा एकच होता. दोन असते तर ही गोष्ट झालीच नसती आणि तुम्हाला आत्ता खेळायला जाता आलं असतं.

पाणवठा एक आणि पिणारे सगळे. चितळं होती, गवे होते, रानडुकरं होती, अस्वल होतं आणि रायाजी नावाचा वाघही होता. वाघालाही तहान लागते. तहान भागली की मग त्याला दुसरं काहीतरी आठवतं. म्हणून पूर्वीच्या शहाण्या जनावरांनी ज्याला त्याला पाण्याची वेळ ठरवून दिली होती. कोवळ्या उन्हात चितळं. ऊन चढलं की गवे. दुपार कलली की वाघ. दिवस मावळताना डुकरं.

नियम एकच होता. आपली वेळ नसताना जो पाण्यावर येईल, तो स्वखुशीने आला असं समजावं. पुढे त्याचं जे काही होईल, त्याबद्दल कुणी कुणाला दोष देऊ नये. हा नियम वाघाने सुचवला होता, पण मंजूर मात्र एकमताने झाला होता.

या सगळ्या वेळा एका शिळेवर लिहिलेल्या असत. पाणवठ्याच्या वर एक टेकाड होतं आणि त्या टेकाडावर ही शिळा होती. शेडूच्या मातीने पांढरी सारवलेली, वर गेरूची अक्षरं. कोणत्या वेळेला कोण कोण येणार, त्यांची नावंसुद्धा एकाखाली एक. सगळे तिला पाटी म्हणत. पाटीजवळ कुणी कुणाला खायचं नाही, असा पूर्वापार रिवाज होता. जनावरांना लिहिता कसं येतं, असं विचारू नका. शाळेत जाऊनही तुम्हाला नीट येत नाही, ते आम्ही विचारतो का?

पाटी सांभाळायला बायजाक्का नावाची भेकरीण होती. भेकर तुम्ही पाहिलं नसेल. लहानसं, तांबूस, घाबरट हरीण असतं ते. पण ओरडतं ते कुत्र्यासारखं, भुंकून, आणि एवढ्याशा जिवातून एवढा आवाज येतो कुठून असं वाटावं इतक्या मोठ्याने. बायजाक्काचं भुंकणं तीन टेकड्यांपलीकडे ऐकू जाई. तेवढ्याच गुणावर तिची नेमणूक झाली होती. दुसरा गुण असा की ती खोटं बोलत नसे, पण त्याचा कागदोपत्री उल्लेख नव्हता.

बायजाक्काला एक लेक होती, तुळसा. तुळसाने ओढ्यापलीकडच्या करवंदीच्या जाळीत आपलं वेगळं बिऱ्हाड केलं होतं. भेकरं तिथे मोजकीच, म्हणून तुळसाचं नाव चितळांच्या यादीत शेवटी लिहिलेलं होतं. रोज कोवळ्या उन्हात ती चितळांबरोबर पाण्यावर यायची. वर टेकाडावरून बायजाक्का बघायची. तुळसा पाणी पिऊन मान वर करायची, आईकडे बघायची आणि जाळीत निघून जायची. एवढ्यावर बायजाक्काचा दिवस छान जाई.

आता पाटीचे रिवाज ऐका. ते फार जुने आणि फार कंटाळवाणे होते.

पाटीवर काही बदलायचं असेल, तर आधी शेजारच्या बाभळीच्या काट्याला आपली खूण अडकवायची. कुणी शेपटीचा केस अडकवी, कुणी पीस. काट्यावर एकाची खूण असेल तोवर दुसऱ्याने पाटीला हात लावायचा नाही. वाचावी खुशाल, लिहायचं नाही. ज्याची खूण त्यानेच ती काढायची.

रोज टेकाड कोण चढणार? म्हणून प्रत्येक कळपाला पाटीची एक नक्कल दिलेली असे, सागाच्या पानावर. सागाच्या कोवळ्या पानावर काट्याने ओरखडलं की लाल रेघ उमटते. नक्कल करून द्यायला टकाजी नावाचं वानर होतं. पण पाटीवर बदल झाला की बायजाक्का भुंके. ती भुंकली की ज्याने त्याने आपलं पान तिथल्या तिथे फाडायचं, आणि पाय उचलून थेट पाटीकडे यायचं. एकेकाने येऊन ओ द्यायची. सगळ्यांची ओ आली की मगच नवी वेळ लागू.

यात किती वेळ जाई म्हणता! डुकरं कधीच वेळेवर ओ देत नसत. अस्वल यायचं, पण कशाला आलो ते विसरायचं. गवे येताना चरत यायचे. एका साध्या बदलाला दोन दोन दिवस लागायचे. पाण्यावर मात्र बायजाक्काच्या सगळ्या कारकिर्दीत एकही जीव गेला नव्हता. पण जे घडत नाही ते कुणाच्या नजरेत येत नाही. नजरेत आलं ते टेकाड.

त्यात अजगराचं प्रकरण झालं.

अजगराला पाटीवर स्वतःसाठी 'केव्हाही' असं लिहायचं होतं. त्याने काट्याला आपली कात अडकवली. लिहिण्यापूर्वी दोन घास खाऊन यावं म्हणून तो गेला आणि त्याने एक आख्खं पिसोरी, म्हणजे सशाएवढं हरीण, गिळलं. मग तो झोपला. अजगर जेवून झोपला की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. एकोणीस दिवस काट्यावर कात लोंबत राहिली. एकोणीस दिवस जंगलात कुणालाही पाटीवर एक अक्षर बदलता आलं नाही.

"काढा की ती कात!" सगळे ओरडले.

"त्याची खूण त्यानेच काढायची," बायजाक्का म्हणाली. "आज अजगराची मी काढली, तर उद्या तुमची कुणी काढेल."

तुमच्या घरी बाबा कामाची फाइल उघडायला जातात आणि पडद्यावर येतं की ती दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवली आहे. तो दुसरा केव्हाच जेवायला गेलेला असतो. त्या वेळी बाबा जे पुटपुटतात, तेच जंगलाने बायजाक्काला सुनावलं. शब्द सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

जंगलाचा कारभार भैरोजी नावाच्या गव्याकडे होता. भैरोजी अंगाने मोठा होता आणि त्याच्या पदाला तेवढी पात्रता पुरेशी होती. एकोणीस दिवस लोकांची कटकट ऐकून त्याचे कान किटले. नेमका त्याच सुमारास, पौषात, चक्रवाक आला.

चक्रवाक म्हणजे बदकाच्या जातीचा मोठा, नारिंगी, देखणा पक्षी. तो दर हिवाळ्यात उत्तरेकडून येतो आणि उन्हाळ्याआधी परत जातो. त्यामुळे त्याला सगळीकडची माहिती असते आणि कुठल्याच माहितीचा त्याला त्रास होत नाही. त्याने पाणवठ्याला एक घिरटी घातली, पाटी पाहिली, काटा पाहिला आणि मान हलवली.

"तुमची सेटिंग्ज जुनी आहेत," तो म्हणाला.

सेटिंग्ज म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. पण जुनी आहेत हे ऐकून सगळ्यांना अपराधी वाटलं.

सभा भरली. चक्रवाक एका खडकावर उभा राहिला. "उत्तरेत मी अकरा सरोवरं पाहतो," तो म्हणाला. "कुठेही काटा नाही. कुठेही भुंकणं नाही. बदल तीनच करायचे. पहिला, काटा काढून टाका. ज्याला जेव्हा लिहायचं, तेव्हा त्याने आपल्या घरच्या पानावरच लिहावं. सवड मिळेल तेव्हा पान इथे आणून द्यावं. वानर ते पाटीवर उतरवील. शेवटी जे पान आलं, ती पाटी."

"आणि दुसरा?" भैरोजीने विचारलं.

"दुसरा, दर वेळी पाटी बघायला येण्याची गरज नाही. आपलं पान हिरवं आहे तोवर ते खरं. सुकलं की नवं न्यावं."

सभेत आनंदाची लाट उसळली. डुकरांनी माना डोलावल्या.

"तिसरा, हे भुंकणं बंद करा. त्याने काम अडतं. जुन्या सवयीने कुणी भुंकलंच, तर दुर्लक्ष करावं. तसं प्रत्येक पानावर लिहून टाका."

बायजाक्का मागे उभी होती. भर सभेत बोलायची तिला सवय नव्हती. तरी ती पुढे आली.

"पान हिरवं आहे म्हणून त्यावरचा मजकूर खरा कसा?" तिने विचारलं. "पानाला पाणी मिळालं की ते हिरवं राहतं. पाटीवर काय बदललं, ते पानाला काय माहीत?"

चक्रवाक समजूतदारपणे हसला. "बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. अकराही सरोवरांवर कुणीतरी हे विचारतंच."

"मग त्यांना तुम्ही काय सांगता?"

"हेच सांगतो. तुमच्या भावना मी समजू शकतो."

"आणि दोघांनी एकाच वेळी आपापल्या पानावर वेगळंच लिहिलं तर?"

"असं क्वचित होतं," चक्रवाक म्हणाला.

"पण झालं तर?"

"क्वचित," चक्रवाक म्हणाला, आणि भैरोजीने ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं.

टकाजी वानराने त्याच दिवशी बाभळीचा काटा मोडला. सगळ्यांना नवी पानं दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं : भुंकणं ऐकू आल्यास दुर्लक्ष करावं. एक पान त्याने बायजाक्कालाही दिलं.

आणि खरं सांगायचं तर, बाळांनो, सगळं फार सुरळीत सुरू झालं. ज्याला हवं ते ज्याच्या त्याच्या पानावर क्षणात लिहून होई. कुणाला ताटकळावं लागेना. अजगराने 'केव्हाही' लिहिलं आणि पुन्हा झोपला. भैरोजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला की पूर्वी ज्या बदलाला दोन दिवस लागत, तो आता शेपटी हलवायच्या आत होतो. ते खरंच होतं.

बायजाक्काला काम उरलं नाही. ती पाटीशेजारी बसून टकाजी काय करतो ते बघे. कुणी पान आणलं की टकाजी सगळी पाटी पुसायचा आणि पानावरचं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं उतरवायचा.

"अरे, त्याने एकच ओळ बदललीये ना?" बायजाक्का एकदा म्हणाली. "मग बाकीचं का पुसतोस? मघाशी अस्वल लिहून गेलं, ते गेलं की."

"आक्का, शेवटी जे पान आलं ती पाटी," टकाजी म्हणाला. "मला हुकूम आहे तसा. मी काय माझ्या मनाने करतोय का?"

मग साळिंदराच्या आणि अस्वलाच्या वेळा एक झाल्या. दोघं पाण्यावर भांडले, अस्वलाच्या नाकात काटे गेले. चौकशीत दोघांची पानं हिरवी निघाली, म्हणून दोघंही बरोबर ठरले. नाक तेवढं चुकलं. शिशिरात सागाची झाडं बोडकी झाली आणि नवं पान मिळेनासं झालं, तेव्हा जो तो आपल्या पानावर पाणी शिंपडून ते हिरवं ठेवू लागला. डुकरांनी आपलं पान चिखलात जपून ठेवलं होतं. ते माघातलं होतं आणि वैशाखातही टवटवीत दिसत होतं. फाल्गुन लागताच चक्रवाक उत्तरेला उडून गेला. जाताना भैरोजीने त्याचा सत्कार केला.

आता वैशाखाचं ऐका. आणि चुळबुळ थांबवा.

वैशाखात पाणी आटलं. पाणवठ्याकाठचे खडक दुपारी असे तापत की वाघाचे पंजे पोळू लागले. रायाजी हा कायद्याने वागणारा वाघ होता. त्याने मनाला येईल तसं केलं नाही. त्याने आपलं पान काढलं, त्यावर कोवळ्या उन्हाची वेळ स्वतःला घेतली, कलती दुपार चितळांना दिली आणि एका दुपारी पान स्वतः टेकाडावर आणून टकाजीच्या हातात दिलं. टकाजीने ते पाटीवर उतरवलं. रायाजी आपलं पान घेऊन गेला.

बायजाक्काने पाटी वाचली. तिने तोंड उघडलं, पण भुंकली नाही. मनाई होती. ती उठली आणि ओढ्यापलीकडे चालत गेली. उन्हातून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाटी सोडून.

वाटेत तिला चितळांचा म्होरक्या निंबाजी भेटला. मोठ्या शिंगांचा, सभ्य आणि सावध नर होता तो.

"निंबाजीभाऊ, उद्यापासून सकाळी येऊ नका. ती वेळ रायाजीने घेतलीये."

निंबाजीने आपलं पान काढलं, उलटसुलट करून बघितलं. "आक्का, पान तर हिरवंगार आहे. यात सकाळच लिहिलीये."

"मी पाटी बघून आलेय!"

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल. पण उद्या वेळ चुकली आणि दिवसभर पोरंबाळं तहानेली राहिली, तर मी काय दाखवू? तुमचा शब्द दाखवू?" तो अदबीने म्हणाला आणि चरायला लागला.

तुळसाने मात्र आईचं ऐकलं. ऐकणारच. ती पाटीपाशीच वाढली होती. "पण आई," ती म्हणाली, "तू एवढी दमून आलीस. चल, मी तुला पोचवते, आणि पाटीपण डोळ्यांनी बघून घेते. तूच म्हणतेस ना, ऐकलेलं सोडायचं आणि लिहिलेलं धरायचं."

दोघी सावकाश टेकाड चढून आल्या. दिवस मावळायला आला होता. तुळसा पाटीसमोर उभी राहिली.

"आई, इथे तर कोवळ्या उन्हात चितळंच आहेत. आणि हे बघ, शेवटी माझं नाव."

बायजाक्काने पाटी वाचली. पुन्हा वाचली. शेडू अजून ओला होता. कोवळं ऊन, चितळं. कलती दुपार, वाघ. सगळं पूर्वीसारखं.

झालं होतं असं की, ती ओढ्यापलीकडे गेलेली असताना डुकरं आली होती. त्यांना चिखलाच्या डबक्याचा हक्क लिहून हवा होता. त्यांनी आपल्या माघातल्या पानावर ती एक ओळ लिहिली आणि पान टकाजीला दिलं. टकाजीने पाटी पुसली आणि डुकरांचं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवलं. रायाजीची ओळ त्यात नव्हती. ती डुकरांना माहीतच नव्हती. टकाजी मग घरी निघून गेला. त्यामुळे हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.

रायाजीने विचार बदलला असेल, असं बायजाक्काला वाटलं. टकाजी पाटी कशी पुसतो ते तिने पाहिलं होतं, तरी त्या घडीला दुसरं काय वाटणार? तिने आयुष्यभर एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला होता. चक्रवाकावर नाही, पानांवर नाही, पाटीवर. पाटीवर आहे म्हणजे आहे, हे तिने तुळसाला दूध पाजता पाजता शिकवलं होतं.

"पाटीवर आहे ना, मग खरं ते," ती म्हणाली. "जा सकाळी नेहमीसारखी."

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात चितळं पाण्यावर आली. तुळसा त्यांच्या कडेला होती. बायजाक्का टेकाडावरून बघत होती.

तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. रायाजी येत होता. त्याच्या तोंडात त्याचं पान होतं. पाटीपाशी थांबून त्याने ते खाली ठेवलं.

"राम राम, बायजाक्का," तो म्हणाला. "आजपासून सकाळची वेळ आपली."

"पाटीवर नाही तसं," बायजाक्का म्हणाली.

रायाजीने पाटी वाचली. मग पान वाचलं. "पान हिरवं आहे," तो म्हणाला. त्याने वाईट वाटल्यासारखी मान हलवली आणि खाली जाणारी पायवाट धरली.

आणि मग बायजाक्का भुंकली.

मनाई वगैरे सगळं ती विसरली. सगळा जीव घशात आणून ती भुंकली. तीन टेकड्यांपलीकडे आवाज गेला. पाण्यावरच्या चितळांनी माना वर केल्या. निंबाजीने कान टवकारले, आपलं पान आठवलं, त्याच्या तळाशी काय लिहिलंय ते आठवलं, आणि मान खाली घालून तो पाणी पिऊ लागला. मागोमाग साऱ्या कळपाने माना खाली घातल्या.

तुळसाने मात्र आईचा आवाज ओळखला. ती जुन्या रिवाजात वाढलेली. भुंकणं ऐकू आलं की पान फाडायचं आणि थेट पाटीकडे यायचं, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. तिने काठावर ठेवलेलं आपलं पान टर्रकन फाडलं आणि ती टेकाडाकडे धावत निघाली. पाण्यावरून पाटीकडे येणारी वाट एकच होती. त्या वाटेने रायाजी उतरत होता.

पुढचं मी सांगत नाही. चितळांनी पोटभर पाणी पिऊन घेतलं, एवढं सांगतो. रायाजीचं काम वाटेतच झाल्यामुळे तो पाण्यापर्यंत गेला नाही.

चौकशी झाली. भैरोजीने ती स्वतः केली. रायाजीने आपलं पान दाखवलं. ते हिरवं होतं. निंबाजीने आपलं पान दाखवलं. तेही हिरवं होतं. पाटीवर जे लिहिलेलं होतं, ते शेवटी आलेल्या पानाप्रमाणेच होतं. टकाजीने हुकुमाबाहेर काही केलं नव्हतं. तुळसाचं पान फाटलेलं सापडलं.

"म्हणजे बघा," भैरोजी जड आवाजात म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. "ज्यांनी नव्या पद्धतीप्रमाणे दुर्लक्ष केलं, ते सगळे वाचले. एकीने दुर्लक्ष केलं नाही. बाई, तुम्ही भुंकला नसता तर..."

"तर ती पाण्यावर असती आणि वाघ तिथे पोचला असता," बायजाक्का म्हणाली. "ती किंवा दुसरं कुणीतरी गेलं असतं."

"ते काही पानावर नाही," भैरोजी म्हणाला.

पद्धत योग्य असल्याचं नमूद झालं. तरीही एक जीव गेला होता, तेव्हा काहीतरी सुधारणा करणं भाग होतं. सुधारणा अशी झाली : यापुढे प्रत्येक वेळेआधी टकाजीने पाटीवरची नावं वाचून हजेरी घ्यावी. पाटीवरचे सगळे हजर झाल्याशिवाय कुणी पाण्याला तोंड लावू नये. या ठरावाचं सगळ्यांनी स्वागत केलं. रायाजीनेही केलं. तो सांत्वनाला आला, मान खाली घालून बसला आणि जाताना सकाळची वेळ आपण होऊन सोडल्याचं सांगून गेला.

बायजाक्काने त्या दिवशी पाटीवरून तुळसाचं नाव पुसलं. जिभेने पुसलं. गेरूची चव तिच्या तोंडात दिवसभर राहिली.

दुसऱ्या दिवशी साळिंदराने आपलं पान आणून दिलं. टकाजीने पाटी पुसून ते उतरवलं. चितळांच्या यादीत शेवटी तुळसाचं नाव होतं. साळिंदराचं पान आधीचं होतं, त्यात तुळसा जिवंत होती. बायजाक्काने नाव पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशी गव्यांचं पान आलं. नाव पुन्हा आलं. तिने पुन्हा पुसलं.

"आक्का, सव्वीस पानं आहेत बाहेर," टकाजी हळूच म्हणाला. "प्रत्येकात तिचं नाव आहे. ती सगळी सुकायची कधी आणि हे संपायचं कधी?"

पाचव्यांदा नाव पुसताना बायजाक्का रडली. सहाव्यांदा तिने पुसलं नाही. लेकीला रोज आपल्याच जिभेने पुसायचं, हे तिच्याने होईना.

सातव्या दिवशी कोवळ्या उन्हात चितळं पाण्याशी उभी होती. वैशाख सरत आला होता. पिल्लांच्या जिभा बाहेर लोंबत होत्या. टकाजी टेकाडावरून नावं वाचत होता. एकेक चितळ ओ देत होतं.

"तुळसा," टकाजीने वाचलं.

कुणी ओ दिली नाही.

टकाजीने पुन्हा वाचलं. "तुळसा."

चितळं एकमेकांकडे बघू लागली. आदल्या दिवशीही असंच झालं होतं. एकजण हजर नाही म्हणून सगळा कळप तहानेलाच परतला होता. रात्रीत दोन पिल्लं पडली होती. निंबाजी टेकाड चढून वर आला. तो बायजाक्काच्या समोर उभा राहिला, पण त्याला तिच्या डोळ्यांत बघवेना.

"आक्का," तो म्हणाला, "तुमच्या पाया पडतो."

बायजाक्काने खाली पाण्याकडे पाहिलं. पिल्लं उभी होती. तिने पाटीकडे पाहिलं. नाव ठळक होतं, गेरू ताजा होता. आयुष्यात ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

"तुळसा," टकाजीने तिसऱ्यांदा वाचलं.

"ओ," बायजाक्का म्हणाली. "आले."

टकाजीने खूण केली. चितळं पाणी प्यायली. तेव्हापासून ती रोज ओ देते, आणि हजेरी रोज पूर्ण भरते.

तात्पर्य : आईची हाक ऐकू आली तर बाळांनो, धावत सुटू नये. आधी आपलं पान काढून बघावं. दुर्लक्ष करावं असं त्यावर लिहिलेलं असेल, तर दुर्लक्ष करावं. शिस्तीने वागणारे पाणी पिऊन घरी जातात. आणि पाटीवर नाव असेल, तर त्या नावाला कुणीतरी ओ द्यावीच. कारभार थांबता कामा नये.